इमरीचा डावा बूट

मी त्याचा खेळ पाहिला नव्हता.
शनिवारी दुपारी केल्टीतला झाडून सारा पुरुष
मैदानाच्या कुंपणाला रेललेला असायचा
आणि त्यांचे रविवारचे बूट माझ्यापुढे,
संध्याकाळपर्यंत पाहिजेत म्हणून.

ड्यूगल्ड इमरीला मी ओळखतो तो खालून.
तळव्याकडून.

पहिला जोड त्याचा नव्हताच, थोरल्या भावाचा.
दोन नंबरच्या खाणीत छत बसलं,
भाऊ वर आला तो असा, आणि बूट शाबूत.
आईने ते माझ्या टेबलावर ठेवले.
टेबलावर नको बाई, म्हटलं, अपशकुन असतो.
ती म्हणाली, आता कसला?

पोर चौदाचं. बोटांपुढे कागद कोंबलेला.
चामड्याच्या पट्ट्या ठोकून दे म्हणाला, पैसे पगाराला.
महिन्याने बूट परत आले तेव्हाच दिसलं:
उजवा जसाच्या तसा,
डावा बाहेरच्या कडेने खाल्लेला,
सारखं रेषेच्या काठाने धावणाऱ्याचा.

मग टाइनकाठच्या क्लबाचा माणूस आला, हॅट घालून.
साडेतीनशे पौंड!
एवढ्यात आमची अख्खी गल्ली विकत आली असती,
घेणारा कोणी भेटला नसता ही गोष्ट वेगळी.
आठवड्याला चार पौंड. त्याचा बाप
तेवढ्यासाठी जवळजवळ तीन आठवडे
कोळशाच्या थराखाली कुशीवर पडून असायचा.

पण बूट माझ्याकडेच यायचे,
रेल्वेने, तपकिरी कागदात, सुतळीची दुहेरी गाठ.
चिठ्ठी कधीच नाही.
शिवणीतली माती मी रापीच्या टोकाने काढायचो.
तांबडी, चिवट, म्हणजे बर्मिंगहॅमकडे गेले होते.
वाळू, म्हणजे समुद्राजवळचं मैदान.
एकदा पेंढ्याच्या काड्या:
जमीन गोठली होती, तरी खेळवलं पोरांना.

देशाकडून एकदाच खेळला, आठ साली, ग्लासगोत.
लाखभर माणूस होतं म्हणे.
डाव्या बुटाला मात्र नखभर चिखल.
चेंडू त्याच्याकडे कुणी दिलाच नसावा.
हे मी गावात बोललो नाही.
टोपी मिळाली, निळी मखमल, सोनेरी झुबका.
इसोबेल ती चहाच्या किटलीवर घालते.
चहा गरम राहतो, हे खरं आहे, मी प्यायलो आहे.

दहा सालच्या फेब्रुवारीत जोड आला
आणि उजव्याची टाच आतून गेलेली.
आरी खाली ठेवली. बराच वेळ तो हातात घेऊन बसलो.
गुडघा.
पेपरात ते सात आठवड्यांनी छापून आलं.

पुढे जोडे झिजवले ते साहेबांच्या दारांत,
ती झीज माझ्याकडे दुरुस्तीला आली नाही.

आला तो नोव्हेंबरात, स्वतः, लंगडत, दार ढकलून.
पट्ट्या काढ म्हणाला. खाणीचे खिळे ठोक.
म्हटलं, पातळ चामडं आहे हे, ड्यूगल्ड,
खाली पाण्यात टिकायचं नाही.
बघू की, म्हणाला.
एकेक पट्टी उपटली. भोकं राहिली,
त्यांतल्याच काहींत खिळे बसवले.
ते पैसे मी घेतले. घ्यायला नको होते.

एकवीस साली मालकांनी खाणींना कुलपं लावली.
गिऱ्हाईक नाही, तेव्हा शनिवार मलाही मोकळा.
सूपच्या पातेल्यासाठी सामना होता,
लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे.
इमरी डाव्या रेषेवर, पाइप खिशात,
धावत नव्हताच, वाट पाहिल्यासारखा उभा.

चेंडू एकदाच नीट आला.
त्याने अडवला नाही. नुसतं पाऊल उचललं,
आणि समोरचा मॅकऑस्लंडचा दांडगा पोरगा
दुसरीकडेच निघून गेला,
जणू त्याला कोणी घरून हाक मारली.
लोक हसले. मग एकदम गप्प झाले.

वीस वर्षं मी नुसता हिशोब वाचत होतो तर.

तेवढ्यात नजर खाली गेलीच, सवय.
डाव्या टाचेची शिवण सुटत आली होती.
सोमवारी घेऊन ये, असं ओरडावंसं वाटलं.
ओरडलो असेन बहुतेक,
कारण त्याने वळून पाहिलं.