अर्धी करंगळी

नीलमची रात्रपाळी लागली की
फुलेवाडीतल्या आमच्या ओट्यावर
तवा मी चढवतो.
आज स्वरांजली म्हणाली,
पप्पा, सरका. मी करतो.
नववं सरून दहावं लागलंय तिला.
पाट ओढला, वर चढली, परात धरली.

मी सांगत गेलो :
पाणी उकळीचं घे. पिठात आळं कर.
आधी उलथन्यानं हलव, मग हात घाल.
तळव्याची टाच लाव, बोटं नुसती सोबतीला.
आता मूठभर उचल. दाब. मोड.
कडेचा भुगा झाला तर पाणी कमी,
बोटाला चिकटलं तर जास्त.

कुठं शिकलासा हे?
शिरोलीत, म्हटलं, फाउंड्रीत.
साच्याची वाळू अशीच बघतात.
ती हसली.
मी खरंच सांगत होतो.

एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा.
पत्र्याच्या खोलीत सहाजण, एक स्टोव्ह,
आणि गडहिंग्लजकडचा तुकाप्पा.
त्यानं कधी काही शिकवलं नाही.
"बघ की. डोळं हायत न्हवं?"
एवढं म्हणायचा आणि थापत राहायचा.
मी बघायचो.
माझ्या भाकरीचे तुकडे
सगळे कटात बुडवून मुकाट खायचे,
शिव्या दुसऱ्या दिवशी, पाळीवर.
मग एकदा फुगली.
तुकाप्पानं वळूनही बघितलं नाही,
फक्त नळीचं हाड
स्वतःच्या ताटातलं माझ्या ताटात टाकलं.

स्वरांजलीची पहिली
तव्यावर टाकतानाच फाटली.
पीठ विरी गेलंय गं, मी म्हणालो.
खोटं. कालच दळून आणलेलं.
दुसरी मी थापून दाखवली.
तिसरी तिनं घेतली,
आणि मला दिसलं :
उजव्या हाताची करंगळी
ती आत दुमडून धरते.

अगं, बोट सरळ कर की.

तुम्हीबी तसंच करतासा.

मी हात बघितला.
पिठानं भरलेला, करंगळी दुमडलेली.

बावीस वर्षं झाली.
तुकाप्पाची करंगळी अर्धीच होती.
मशीननं घेतलेली, मी कामाला लागायच्या आधी.
मी भाकरी बघून उचलली
आणि तिच्यासोबत
ती नसलेली दोन पेरंही.

बरं, म्हटलं, आता बोट सरळ ठेवून बघू.
दोघांनी केलं.
दोघांच्याही फाटल्या.
पोरगी इतकी हसली
की पाटावरून उतरावं लागलं तिला.

सकाळी सातला नीलम आली.
चपला काढता काढता टोपली उघडली.
ही कुणाची?
माझी! अंथरुणातूनच आवाज.
भाकरीवर चार बोटांचे ठसे,
पाचव्याच्या जागी नुसता गोल खळगा.
नीलमनं कांदा फोडला,
चटणीवर तेल सोडलं,
आणि खळग्याच्या बाजूनंच
पहिला तुकडा मोडला.