शेकाट्याचे पाय

दुकानात माणूस माझ्यापासून चार फुटांवर बसतो.
मी म्हणतो, हनुवटी जरा खाली,
उजवा खांदा सैल सोडा, हं, श्वास रोखू नका,
आणि तो ऐकतो.
तीस वर्षं, बिंदू चौकाच्या अलीकडच्या गल्लीत,
हे शहर माझं ऐकत आलंय
पासपोर्टपुरतं.

कळंब्याला कोण ऐकतंय?

फेब्रुवारी सरता सरता तळं आत आत सरकतं
आणि बांधापासून पाण्यापर्यंत चिखल उरतो,
वर पापुद्रा, खाली पोटरीभर ओल.
त्याच्या पलीकडे शेकाटे.
दोनशे पावलं असतील. मोजलेली नाहीत,
तिसऱ्याच पावलाला चप्पल आत राहिली.

लेन्स जुनी, मिरजेच्या एका लग्नवाल्याकडची,
आत बुरशीचा एक धागा,
तो प्रत्येक फोटोत येतो, न बोलावता.

सहाला पोचतो. तेव्हा उजेड पुरत नाही.
साडेआठनंतर चिखल तापतो, हवा थरथरते,
पक्षी कढईच्या वाफेतनं बघितल्यासारखे.
मधला वेळ माझा.
त्यातही बांधावर एखादं कुत्रं आलं
की सगळा थवा एका अंगावर वळतो,
पांढरा, काळा, परत पांढरा,
आणि उतरतो
आणखी शंभर पावलं लांब.

घरी येऊन मोठं करून बघतो.
पंख आहेत. चोच, म्हटली तर आहे.
पाय नाहीत.
इतके बारीक पाय कॅमेऱ्याला धरताच येत नाहीत,
दोन ठिपक्यांच्या मधनं निसटतात.
चारशे फोटोंत चारशे शेकाटे
पाण्यावर वीतभर अधांतरी.
बायको म्हणाली, सुई पडल्यासारखं काय शोधताय?

तातोबा मात्र म्हशी घेऊन सरळ त्यांच्यातनं जातो,
गुडघाभर पाण्यात, डोक्याला टॉवेल,
तोंडात म्हशीसाठी ठेवलेली शिवी.
शेकाटे दोन पावलं बाजूला होतात,
बोळात ओळखीचा माणूस आल्यावर व्हावं तसं,
आणि पुन्हा चिखल टोचायला लागतात.
मी एकदा त्याच्या मागनं गेलो, त्याच्यासारखाच पाय टाकत.
सगळे उडाले.
म्हशी थांबून माझ्याकडं बघत राहिल्या.

"बघू तरी," एक दिवस त्यानं मान घातली.
कॅमेरा लांब धरला, जवळ धरला.
"शिकलगार, ह्यात पक्षी कुठला?"
हा.
"ह्यो? मग डोळा कुठं हाय त्याचा?
लाल असतोय की, गुंजेगत."
मी ते पुस्तकात वाचलं होतं.

मग म्हणाला, "माझाच काढ एक, पेन्शनीच्या कागदाला.
तुझ्या दुकानात यायला म्हशी सोडत न्हाईत."
म्हशींनी तुडवलेल्या वाटेच्या टोकाला उभा केला.
लेन्स बदलली नाही, मागं मागं सरकलो
डोकं चौकटीत मावेपर्यंत.
हनुवटी जरा खाली.
त्यानं ऐकलं.

रात्री दुकानात मागची बाजू पांढरी करायला घेतली,
सरकारला पांढरीच लागते.
डाव्या खांद्यापासनं पुसत निघालो,
पाणी गेलं, कात्यायनीचा डोंगर गेला,
कानापाशी आलो तर
काहीतरी काळंपांढरं, धूसर,
आणि त्याच्याखाली, फोकसच्या बाहेर, फिसकटलेल्या
दोन गुलाबी रेघा
थेट पाण्यापर्यंत.

माउसवरचं बोट तसंच.
जमीर चहाचे ग्लास न्यायला आला,
म्हणाला, चाचा, शटर ओढायचं नाही का आज?
ओढ, म्हटलं. निम्मं.

तातोबाला आठ प्रती दिल्या, पांढऱ्या.
पैसे घेईना म्हणून भांडला माझ्याशी.
मग एक उन्हात धरून बघितली.
"कान लई मोठं आल्यात," म्हणाला,
आणि म्हशींच्या मागं पाण्यात उतरला.