तिसरी

शिवोलीत, पिएदादबाईंच्या मागच्या खोलीत
मी एक शेल लिहितो आहे, सी भाषेत.
नाव ठेवलंय तिसरी.
पहिल्या दोन कोसळल्या म्हणून;
आणि ओहोटीला, शापोराच्या कमरेएवढ्या पाण्यात
बायका पायांनी चाचपडत तिसऱ्या काढतात
ते या खिडकीतून दिसतं म्हणूनही.

काम साधं आहे तिचं.
खूण दाखवायची, थांबायचं.
कुणी ओळ टंकली की तिला जागा द्यायची,
चौसष्ट बाइट. ओळ लांबली तर दुप्पट.
दुप्पट मागितली की कधीकधी
अख्खं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतात,
आणि जुना पत्ता धरून बसलेला पॉइंटर
परक्याच्या दारात जाऊन आपलं नाव सांगतो.
पहिली अशी गेली.
दुसरीने एकच जागा दोनदा परत केली.
तिसरी कोसळत नाही.
नुसती फुगत जाते,
दर एंटरला अठ्ठेचाळीस बाइट.

छोटा प्रोग्राम असता तर सोडून दिलं असतं,
संपताना सगळं सरकारजमा होतंच.
पण शेल सकाळी उघडतात ते रात्रीपर्यंत.

ही खोली मला मॅलॉकने द्यावी तशी मिळाली,
म्हणजे न पुसता.
(कॅलॉक शून्यं मांडून देतो, त्याला वेळ लागतो.)
बाईंनी चावी दिली, पंखा तीनवर अडकतो म्हणाल्या,
बाकी काही बोलल्या नाहीत.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा.
शेवटची दोन हजार नऊची, माझ्या हनुवटीशी.
कपाटात आतून फुटबॉल क्लबाचा स्टिकर, अर्धा खरवडलेला,
खणात पंचाची शिट्टी. वाजत नाही.

एर्मेलिंद आता स्विंडनला असतो.
गोदामात, रात्रपाळी.

फोर्कचा भाग लिहिताना मी दोनदा उठून पाणी प्यायलो.
पोराला आईची सगळी स्मृती मिळते, जशीच्या तशी,
तिच्या चुकांसकट.
मग पोर एक्झेक म्हणतं,
आणि त्या पानांवर दुसराच प्रोग्राम येऊन बसतो.
आई वेटवर थांबून राहते.
कुणी थांबलंच नाही, तर पोर संपूनसुद्धा
यादीत रेंगाळतं: काम झालं, विचारलं नाही कुणी.
रविवारी भिंतीपलीकडून येतं,
"जेवलो मरे?"
मग बराच वेळ काही नाही.
मग परत, जरा मोठ्याने, "जेवलो?"

गळती काल रात्री दोनला सापडली.
ओळीचे शब्द तोडताना
मी ओळीचा पॉइंटरच पुढे ढकलत नेला होता,
शब्द, फट, शब्द, फट,
आणि टोकाला पोचलो तेव्हा सुरुवात हातात नव्हती.
फ्रीला सुरुवातच लागते.
मधला पत्ता दिला तर घेत नाही,
शेवटचा तर मुळीच नाही.
इतके दिवस मी वाचून झालेल्या ओळी
सोडता न आल्यामुळे साठवत होतो.

उपाय एका ओळीचा:
निघण्याआधी, निघालो कुठून ते बाजूला लिहून ठेवायचं.
मग हजारदा एंटर मारला.
गळती शून्य.
कोंबडा आरवला तो बहुधा पलीकडच्या वाड्यावरचा.

एक मात्र आहे. मोकळी केलेली जागा कोरी होत नसते.
पहिली चार अक्षरं गेली तर गेली,
बाकी शब्द तिथेच असतात
दुसरं कुणी येऊन लिहीपर्यंत.
ते वाचू नये असा नियम आहे.
मी वाचले.

महिनाअखेरीला पर्वरीला जातोय, कंपनीची खोली.
बाईंनी आज तिसऱ्यांचं सुकं आणून दिलं,
खोबरं जास्त, तिखट बेताचं,
आणि बशी ठेवता ठेवता विचारलं,
तू गेल्यावर रंग काढून घेऊ का खोलीला?
मी म्हटलं, भिंतींना काढा.
त्या चौकटीकडे बघत राहिल्या.
माझ्यासमोर बशीत शिंपल्या साठत गेल्या,
एकही बंद नव्हती.