मापाडी

वसमतच्या मोंढ्यात तीस वर्षं
हळद तोलतोय मी.
काटा हलला की नजर तिथंच.

काल डॉक्टर शमीमबाईंनी दंडाला पट्टा आवळला:
पारा एकशे सत्तरवर.
शेजारी धाकटा दिगंबर,
ठेच्यावर वरून खडेमीठ घेणारा,
एकशे अठरा.
हसला लेकाचा.

बाई म्हणाल्या, काळीज नुसता पंप नाही.
ताण आला की चिठ्ठी धाडतं ते मूत्रपिंडाला:
जाऊ दे मीठ, नसा सैल सोड.
कुणाची चिठ्ठी ठसठशीत,
कुणाची पुसट,
एखादं अक्षर जन्माआधीच बदललेलं.

माय भाकर मोडायची
तेव्हा दोन्ही तुकडे डोळ्यानं जोखायचो मी.
कधी तीळभर फरक नाही.
ही वाटणी मात्र
तिलाही न विचारता झाली,
सातबाऱ्यावर चढलीच नाही.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणायची.
माझं रक्त जागतंय की, माय,
रात्र-रात्र, कानशिलात.
दिगंबरचं
खातं आणि विसरून जातं.

आज वरण अळणी.
बायकोनं मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवलीय.
जेवता जेवता
मी तिच्याकडं बघतो,
काट्याकडं बघावं तसा.