काचेतला दगड

बरोबरचे सगळे कोर्सवर्कने सुटले.
दोघं बोअरवेलच्या कंपनीत, एक अंकलेश्वरला तेलावर,
निपुणा तर लग्न करून थेट कॅनडात.
मी रिसर्चवाली एम.एस्सी. घेतली,
म्हणजे दोन वर्षं, एक डोंगर,
आणि पानापानावर वसावडा सरांची तांबड्या शाईतली एकच ओळ:
हे तू पाहिलंस की वाचलंस?

डोंगर पावागढ.
सकाळी सहाच्या बसमध्ये नारळ, चुनऱ्या, पेंगणारी पोरं
आणि माझ्या पिशवीत हातोडा.
माचीच्या वर एका वळणावर म्हातारीने हटकलं,
'शुं शोधो छो, बेन?'
म्हटलं, काळा दगड. चमकणारा.
ती म्हणाली, डोंगर मातेचा आहे, घाव नको घालूस,
पडलेला असेल तो ने.
मी पडलेलाच उचलला.
प्रबंधात लिहावं लागलं: नमुना सतरा, स्वस्थानी नाही.
का? तांबडी शाई.
म्हातारीचं नाव मी विचारलंच नव्हतं,
संदर्भसूचीत कसं घालणार?

विभागाच्या तळघरात खुमानकाका दगड घासतात.
कार्बोरंडम, पाणी, काचेची पाटी,
पाटीवर इंग्रजी आठ काढत फिरणारं बोट.
दगडाची चकती पट्टीला चिकटवायची
आणि घासत राहायचं, तीस मायक्रॉन उरेतो.
'क्वार्ट्झ पिवळा दिसतोय तोवर घास.
राखाडी झाला की हात उचल.'
माझा हात राखाडीवर थांबायचा नाही.
दिवाळीपर्यंत अकरा चकत्या पाण्यात गेल्या.
साडेसहा कोटी वर्षं टिकलेलं
माझ्या बोटाखाली चहाच्या वेळेआधी संपायचं.
खुमानकाका रागावले नाहीत.
बाराव्या चकतीला फक्त रेडिओ बंद केला.

बाबा एकतीस वर्षं काचेच्या कारखान्यात होते.
गेटला कुलूप लागलं तेव्हा मी सातवीत.
भट्टीने त्यांचे डोळे लवकर पिकवले, दोन्ही ऑपरेशनं झाली,
तेव्हापासून दांडिया बाजारच्या खिडकीत पेपर घेऊन बसतात.
मी प्रबंधाचं सांगायचे,
ते 'बरं' म्हणायचे.

एका रविवारी नमुना सतरा जेवणाच्या टेबलावर राहिला.
बाबांनी उचलला, नखाने वाजवला,
पातळ कड उजेडाकडे धरली.
'दगड कुठला? काच आहे ही.
घाईत थंड झालेली.'
हे एक वाक्य लिहायला
मला चौदा शोधनिबंध लागले होते.

मग बोलतच सुटले.
भट्टीचं तापमान बिघडलं की काचेत पांढरा ठिपका धरतो,
कारखान्यात त्यालाच दगड म्हणायचे.
'स्टोन आया' असं कुणी ओरडलं की अख्खी रांग बाद.
रात्रपाळीला दिव्यापुढे बाटल्या धरून
एकतीस वर्षं ते दगडच शोधत होते,
फेकून द्यायला.

सोमवारी त्यांना विभागात नेलं.
रजिस्टरमध्ये भेटीच्या कारणापुढे त्यांनी लिहिलं, काच.
सूक्ष्मदर्शकापुढे बसले, चष्मा काढला, एक डोळा मिटला.
'काही दिसत नाही गं. काळोख आहे.'
आवाजात थोडी भीती, ऑपरेशनचा डोळा तो.
म्हटलं, बाबा, बरोबर आहे. काच अशीच दिसते इथे,
कशीही फिरवली तरी काळी.
आणि मंच जरासा वळवला.

काळोखात एक फेल्डस्पार उजळला,
एक कोपरा तुटलेल्या पाटासारखा.
विझला.
पाव फेरीच्या आत पुन्हा उजळला.

बाबांनी माझा हात बाजूला केला.
स्वतः मंच फिरवू लागले, सावकाश,
चार वेळा विझू दिला, चार वेळा उजळू दिला,
परत पहिल्यापासून.
खुमानकाका दारात येऊन उभे राहिले, हाताला ओली राख.
मग मान वर न करता,
कारखान्यातल्या मोठ्या आवाजात बाबा म्हणाले,
'बाद!'

आणि खुर्ची काही सोडली नाही.