बॅगा दाराबाहेर

जहाजाचा नियम होता:
शेवटच्या रात्री अकराच्या आत
बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या,
अंगावरचे आणि उद्याचे कपडे तेवढे जवळ.
पुढचं ते लोक बघतात.

वन्संनी उद्याचे कपडेही बॅगेतच भरले.
मग रात्री बाराला, त्या न संपणाऱ्या गालिच्यावर
गुडघे टेकून, किल्ली दातात धरून,
स्वतःचंच पातळ चोरावं तशा बाहेर काढत बसल्या.

पण तो काही शेवटचा दिवस नव्हे. तारखेने असेल.
सुट्टीचा शेवटचा दिवस हा, आज,
प्रतापनगरच्या गच्चीवर, मे महिन्यात,
जिथे सकाळी आठलाच फरशी पाय ठरू देत नाही
आणि मी दोरीवर घालते आहे
दोन कानटोप्या, चार जोड मोजे
आणि शेजारच्या हर्षलचा
याआधी फक्त लेहला जाऊन आलेला कोट.

समोरच्या गच्चीवरून, कुरडयांवर फडकं पसरता पसरता,
मोहरीलकाकू ओरडतात,
"काहो, बर्फ पाहाले गेल्या होत्या ना?
मंग थोडा आणला काऊन नाही?"

आणला असता.
निळा होता. बर्फ निळा असतो
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.
साठ वर्षं मी त्याला पांढरा समजत आले,
गोणपाटातला, लाकडाच्या भुश्यातला, सरबतवाल्याचा.
कडा तुटायचा तो आधी दिसायचा,
आवाज मागून यायचा,
आणि मधल्या वेळात सगळं जहाज गप्प.

तिकिटं खरं तर आम्हा दोघांची.
ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं,
पैसे परत मिळेनात,
म्हणून ह्यांच्या जागी ह्यांची बहीण.
धंतोलीच्या प्लॉटवरून आमच्यात जे झालं ते झालं,
ते इथे सांगत नाही.
एकवीस वर्षं आम्ही लग्नाकार्यात
एकमेकींना पानं वाढली, बोललो नाही.
आणि त्या मधल्या वेळात एकदा
वन्संनी माझं मनगट धरलं.
दोघींच्या हातांत जाड हातमोजे.
त्याला धरणं म्हणावं की नाही, मला ठरवता आलेलं नाही.

कोट पंधरा मिनिटांत खडखडीत वाळला.
तिकडे आठ दिवस वाळत नव्हता.
एवढी घाई कशाची होती उन्हाला?
खिशात साखरेच्या तीन पुड्या
आणि खोलीचं कार्ड, सहाशे बारा.
दोन पुड्या काढल्या. एक राहू दिली हर्षलला.

जमीन अजून हलते आहे.
काल बर्डीवर सेफ्टीपिना घेताना
मी काउंटर घट्ट धरला.
दुकानदार म्हणाला, ऊन लागलं बाई,
पर्समध्ये कांदा ठेवत जा.
त्याला काय सांगणार, की हे ऊन नव्हे,
पाणी आहे, ते उतरायला वेळ लागतो.

दुपारी ह्यांनी फोटो पाहिले, पाय उशीवर ठेवून,
प्रत्येक फोटोला एकच प्रश्न:
"हे धुकं आहे की तुझं बोट?"

रात्री हॉलमध्ये आम्ही दोघी, शेजारी दोन गाद्या,
खिडकीत कूलर. ओल्या खसचा वास, आणि ती घरघर.
बराच वेळ झाल्यावर अंधारात वन्सं म्हणाल्या,
"इंजिन."
मी म्हणाले, "हो ना."
मग कोणीच काही बोललं नाही.

अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठले तर
दार अर्धवट उघडं,
बाहेर, चपला काढतो तिथे,
वन्संची बॅग. चेन लावलेली, मूठ वर.
सकाळी त्यांची चंद्रपूरची गाडी.

"अहो, इथे कोण नेणार आहे ती?"
"माहीत आहे मले," गादीवरूनच उत्तर आलं,
"म्हणून काय ठेवू नये?"

मी ती आत घेतली नाही.
माळ्यावर टाकायला काढून ठेवलेली माझी बॅग
नेऊन तिच्या शेजारी उभी केली.
रिकामी होती, हलकी.
फरशीवर ती जराशी सरकली,
की मलाच तसं वाटलं.