निशीअण्णाची सुट्टी

टॉवेलच्या कारखान्यात आठ नवी रॅपिअर मशिनं बसवायला
जपानहून आलेला निशिमुरा
तिसऱ्या आठवड्यात आमचा निशीअण्णा झाला.
काल त्याची सुट्टी. मालक म्हणाले,
श्रीहरी, गाव दाखव त्याला. पेट्रोलचं बिल आण.

सकाळी गेलो तर मी कानटोपीत,
अंगात स्वेटर, वर बायकोची शाल,
आणि हा लॉजच्या दारात हाफ शर्टात उभा.
चहावाला म्हणाला, माणूस आहे का फ्रीज बे हा?
निशीअण्णाने मोबाईलवर फोटो दाखवला:
त्याचं घर. बर्फातून वर उरलेलं तेवढं.
छपरावर एक म्हातारा, हातात फावडं.
"वडील," फोनमधली बाई मराठीत बोलली,
"रोज सकाळी. वय सत्त्याहत्तर."
मी शाल काढून डिकीत टाकली.
थंडी वाजत होती, तरी.

किल्ल्याची तिकिटं काढली. दोन.
खरं सांगतो, चव्वेचाळीस वर्षं या गावात काढली,
शाळा बुडवून याच तटाला टेकून बिड्या ओढल्या,
पण तिकीट काढून आत कधी गेलो नव्हतो.
त्याने विचारलं, हा बुरूज कुणाचा?
म्हणालो, जुना आहे.
हा दरवाजा?
तोही.
त्याने वहीत बरंच काही लिहिलं.
'जुना' एवढ्याला जपानीत इतकी अक्षरं लागतात?

सिद्धेश्वराला त्याने बूट काढले,
टोकं बाहेर करून जोडीने ठेवले,
मग वाकून माझ्या चपलाही वळवून ठेवल्या.
गड्ड्यात आकाशपाळणा दिवसाचा बंद होता.
एक पोरगा वर चढून सांध्यांना ग्रीस लावत होता.
देवळापेक्षा तो तिथेच जास्त वेळ थांबला.

दुपारी कडक भाकरी मोडली,
कानाशी धरून पुन्हा मोडली.
शेंगाचटणीने डोळे भरून आले तेव्हा
फोनमधली बाई म्हणाली, "मी बरा आहे."
थोड्या वेळाने परत, "मी बरा आहे."

गिरणीची चिमणी दाखवली.
खाली गिरणी नाही, नुसती चिमणी.
माझे वडील इथे साच्यावर होते,
एवढं फोनला सांगितलं.
पुढचं नाही सांगितलं.

संध्याकाळी घरी चहाला नेत होतो.
आमच्या बोळात तो गाडीवरून उतरलाच.
राजमणी अक्काचा माग चालू होता,
खट खटक, खट खटक, खट... खटक.
मी रोज ऐकतो. मला काही ऐकू आलं नव्हतं.
"हा पाय ओढतो," फोन म्हणाला.
त्याचा हात उठला, खिडकीच्या गजापर्यंत गेला,
आणि परत खिशात गेला.
"आज सुट्टी," तो स्वतःच म्हणाला. मराठीत.
एवढे दोनच शब्द त्याला कुणी शिकवले असतील?

आज सकाळी वहीचं एक पान त्याने माझ्या हातात दिलं.
आत न जाता, न बघता
त्याने अक्काच्या मागाचं चित्र काढलं होतं,
धोटा परततो त्या बाजूला एका नटाभोवती गोल.
पानाच्या मागे कालचं किल्ल्याचं तिकीट चिकटवलेलं.

कामावरून आलो, पाना घेतला, नट आवळला. अर्धा फेरा.
खट खटक, खट खटक, खट खटक.
अक्का गंडे भरता भरता थांबली.
म्हणाली, बरं केलंस रे.
पण आता मला झोप कशी लागायची?
तो अडखळला की मला कळायचं, पोरगा जागा आहे, काम चाललंय.
हा तर कुणाचाही माग वाटतोय.

हे निशीअण्णाला सांगावं की नाही?
शेवटी फोनला सगळं सांगितलं, अक्काच्याच शब्दांत.
बाईने बराच वेळ घेतला,
मग त्याच्या भाषेत काय ते बोलली.
कोण जाणे काय बोलली.
नव्या मशिनींच्या मधोमध, हाफ शर्टातला तो माणूस
दोन्ही हात मांड्यांना लावून
कमरेतून खाली वाकला,
आणि लवकर वर आलाच नाही.